शिडी आणि काठी

१८ ऑगस्ट, सोमवार

आज शिडी थरथरली!

गणपतरावांच्या मंगल कार्यालयात होतो. हॉलचं छत दोन मजल्यांएवढं उंच, आणि त्या छताला पालथ्या वाट्यांसारखे धुराचे डिटेक्टर. आग लागली की धूर आधी त्यांना कळतो आणि भोंगा वाजतो. तो वेळेला वाजावा म्हणून डिटेक्टर अधूनमधून काढून साफ करायचे, जुने झाले की बदलायचे – हेच आमचं नवराबायकोचं काम. हे वर, मी खाली. ह्यांनी नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं तेव्हा माणूस ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून मी तात्पुरती शिडी धरायला आले. तात्पुरती! अजून धरतेच आहे.

दोन्ही हातांनी शिडी धरली की वरच्या माणसाचं सगळं खाली कळतं. स्क्रू निघत नसला तरी कळतं, चिडले तरी कळतं. आज अर्ध्यावर थांबून अजून किती राहिलं म्हणून ह्यांनी वर बघितलं आणि शिडी अशी थरथरायला लागली की माझ्या दातांपर्यंत आली. काय झालं म्हणून मी ओरडले. तर म्हणे, काय न्हाय, पाय सरकला. पाय सरकला की एकच हिसका बसतो. हे तसलं नव्हतं. आख्खा माणूस हलत होता.

खाली आले तेव्हा तोंड पांढरंफटक. गणपतरावांनी चहा मागवला, जेवला न्हाईसा काय म्हणून विचारलं. जेवलेले होते. दोन भाकरी मीच वाढल्या होत्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

विचारलं. ऊन लागलं म्हणे. ऑगस्टात ऊन, ते पण हॉलच्या आत!

२४ ऑगस्ट, रविवार

हे जोतिबाला जाऊन आले. रविवार चुकवत नाहीत. येताना खोबरं, दवणा आणि गुलालाची पुडी. पुडी देव्हाऱ्यात ह्यांच्या कोपऱ्यात. तिला मी हात लावत नाही. एकदा माझ्या चांगल्या साडीवर सांडली होती, तो गुलाबी डाग धुऊन धुऊन साडी विरली तरी गेला नाही. तेव्हापासून माझं हळदी-कुंकू माझ्या करंड्यात आणि ह्यांचा गुलाल ह्यांच्यापाशी.

दाढी वाढवलीय. न्हाव्याकडं जायचंच सोडलंय. तिथं खुर्चीत मान मागं टाकून कोण पडणार, असं म्हणाले. आत्तींनी – सासूबाईंना मी आत्ती म्हणते – बसल्या जागेवरनं विचारलं, साधू व्हायचा इचार हाय का लेका? हे हसले नाहीत. झोपताना उशा पण दोन घ्यायला लागलेत. माणूस म्हातारा व्हायला लागला की असं होतं का? पण चाळिशी तर आत्ता कुठं ओलांडलीय.

३० ऑगस्ट, शनिवार

कबनूरला सुताचं गोदाम. तिथं आमचं नेहमीचं काम असतं, कारण सुताचा भुस्का उडून डिटेक्टरात शिरतो. त्या बिचाऱ्याला धूळ आणि धूर ह्यातला फरक कळत नाही. आत काहीही बारीक शिरलं की भोंगा बोंबलतो. मालक मग आम्हाला बोंबलतो.

परत तेच. चढताना मधेच थांबले. शिडी थरथरली. एकदा वर पोचले की मात्र हात पहिल्यासारखाच – पटापट काढला, ब्लोअरनं फुंकला, ब्रश मारला, बसवला. उतरतानाही ठीक. म्हणजे हे चढतानाच होतंय. मी खाली उभी राहून जोतिबाचं नाव घेत होते, माझा देव नसताना. माझं माहेर अंबाबाईचं.

 

१ सप्टेंबर, सोमवार

ओढत डॉक्टरकडं नेलं. ब्लडप्रेशर व्यवस्थित. साखर व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले कानातलं काहीतरी असणार, कानाच्या डॉक्टरला दाखवा, आणि तोवर उंचावर चढायचं नाही. चढलात आणि तोल गेला तर मग माझ्याकडं नाही, हाडाच्या डॉक्टरकडं जायला लागेल, असंही म्हणाले. हे व्हय व्हय म्हणून मान हलवत होते. दवाखान्याच्या बाहेर आल्या आल्या म्हणतात, "त्याला काय जातंय बोलायला. खुर्चीवर बसून काम करतोय त्यो."

कानाच्या डॉक्टरचा विषय काढला की बहिऱ्यागत करतात. म्हणजे कानाचाच त्रास आहे म्हणायचा!

मला भीती वाटते. इथं लिहायला काय हरकत आहे. रोज शिडी धरते आणि रोज वाटतं, आज पडणार. माझ्याच अंगावर पडणार, आणि मला झेलता येणार नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

काठी मागवली! ह्यांना न विचारता.

मोबाईलवर बघितली होती. लांब काठी, नळीत नळी बसते तशी वाढत जाते, आणि टोकाला रबर लावलेली एक खोलगट वाटी. खाली जमिनीवर उभं राहायचं, वाटी वर डिटेक्टरला लावायची, डावीकडं वळवायची – डिटेक्टर सुटून वाटीत बसतो. काठी खाली घ्यायची, साफ करायचा किंवा नवा ठेवायचा, परत वर लावून उजवीकडं वळवायची. झालं. शिडी नाही, चढणं नाही, पडणं नाही. इतकी सोपी गोष्ट आम्हाला इतकी वर्षं कुणी सांगितली कशी नाही?

आत्तींना दाखवली. म्हणाल्या, ह्यो तर आंबं काढायचा झेला! बरोबर आहे. तसंच आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काठी आली. मागच्या शेडच्या छताला हे सरावासाठी एक जुना डिटेक्टर लावून ठेवतात. जेवायच्या आधी मी तो काढला. बसवला. परत काढला. पहिल्यांदा वाटी तिरकी लागली आणि डिटेक्टर निघायच्या ऐवजी नुसता गोल फिरत राहिला, मग जमलं. वाटी सरळ लागली की एक बारीक खटका हाताला कळतो. मला फार आनंद झाला. कुणाला सांगू असं झालं, आणि सांगायला एकटेच हे.

हे दारात उभे राहून बघत होते. माझ्या हाताकडं. चांगली हाय की, म्हणाले. एवढंच. हातात घेऊन बघा म्हटलं तर म्हणाले, बघू नंतर.

१५ सप्टेंबर, सोमवार

भांडण. मोठं.

गणपतरावांच्या हॉलमधलं राहिलेलं काम होतं. मी शिडी गाडीत ठेवूच दिली नव्हती, पण ह्यांनी सकाळी उठून ती टपावर बांधलीच. ठीक. पोचलो. मी काठी जोडून ह्यांच्या हातात दिली. गणपतराव आणि मांडववाले बघत उभे. ह्यांनी काठी वर केली, वाटी डिटेक्टरच्या आसपास दोनदा फिरवली, आणि काठी भिंतीला लावून सरळ बाहेर गेले. मी पाठोपाठ गेले तर पायरीवर डोकं धरून बसलेले. काय झालं? "मान अवघडली."

एका मिनिटात मान अवघडली! वर शिडीवर लटकून दिवसभर काम करणाऱ्याची!

थोड्या वेळानं आत आले आणि शिडी लावली. मी धरणार नाही म्हटलं. तर एका मांडववाल्याला हाक मारली, ये रे, धर जरा. मग काय करणार. मीच धरली. सगळ्यांच्या देखत माझ्या काठीला असं भिंतीला टेकवून ठेवलं, जशी काही ती झाडलोट करायला आणलीय.

वरनं एक गोष्ट खाली टाकली ती बघून मात्र हसायला आलं. फुलांच्या माळेची सुतळी. डेकोरेशनवाले माळा बांधायला हूक म्हणून डिटेक्टरच वापरतात! गणपतराव मांडववाल्यांवर खेकसले. मला वाटलं, मीही असंच कुणावर तरी खेकसावं.

घरी येताना मी बोलले. जे मनात होतं ते सगळं. म्हटलं, तुम्हाला लाज वाटते. जमिनीवर उभं राहून काम केलं तर लोक काय म्हणतील, बायकोनं आणलेली काठी घेतली तर काय म्हणतील. तोरा आहे नुसता. तो तोरा मला पांढऱ्या कपाळानं मिरवायला लागेल. हे गाडी चालवत होते. "तुला जे वाटायचं ते वाटू दे," म्हणाले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मी फार बोलले काल. पण खोटं काय होतं त्यात?

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. ह्यांचे नऊ दिवसांचे उपवास. उपाशी पोटी शिडी – ते पण आता.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. आज हत्याराला हात लावायचा नाही, हत्याराची पूजा करायची. ह्यांनी सकाळी अंगणात सगळं मांडलं – शिडी, ड्रिल, ब्लोअर, मीटर, स्क्रूड्रायव्हरची पेटी. शिडीला झेंडूचा हार. ह्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या आबांनी दिलेला जुना पाना सुद्धा मांडला, जो कशालाच लागत नाही.

काठी नाही!

मी विचारलं, काठी कुठाय. "ऱ्हाऊ दे ती गाडीतच." बस्स. आत्तींच्या देखत मला काही बोलता येईना. मी सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, शिडीलाही वाहिलं. तिच्यावर माझा राग नाही. पण ज्या हत्यारानं ह्यांचा जीव वाचेल ते एकटं गाडीत, अंधारात. हत्यार म्हणून मोजलंच नाही ह्यांनी तिला.

पुरणपोळी केली होती. माझी मी आत्तींच्या ताटात वाढली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दवाखान्यातलं मोठं काम. डिटेक्टर जुने झालेले, सगळे बदलायचे. तिथल्या व्यवस्थापक वर्षाराणी मॅडमनी आधीच सांगून ठेवलेलं की वॉर्डात शिडी चालणार नाही, पेशंट हलवता येणार नाहीत. काठीचा दिवस! हे पॅनलपाशी बसले – कुठला डिटेक्टर निघाला, कुठला बसला ते तिथं दिसतं – आणि मी वॉर्डावॉर्डातनं काठी घेऊन फिरले. बाळंतिणींच्या खोलीत एक आजी होत्या, त्या म्हणाल्या, पोरी, आमच्या घरातली जळमटं पण काढून दे की!

जेवणाच्या सुट्टीच्या आत दोन मजले झाले. शिडीनं दोन दिवस गेले असते. हे पॅनलसमोरनं उठले नाहीत. मी आले तर एवढंच विचारलं, हात दुखला का. मग स्वतःच माझ्यासाठी उसाचा रस घेऊन आले. राग थोडा गेला. थोडाच.

५ ऑक्टोबर, रविवार

दुपारी दवाखान्यातनं फोन. भोंगा वाजला. आग नाही, धूर नाही, काही नाही. पण वाजल्यावर सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. टाके घातलेली बाळंतीण बाळाला घेऊन जिना उतरली. मॅडम फोनवर एवढ्या हळू बोलत होत्या की ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

परत वाजला. दुसऱ्या वॉर्डातला.

धावत गेलो. मॅडम म्हणाल्या, आता तिसऱ्यांदा वाजला तर मी दुसरी माणसं बोलावणार. आणि माझ्याकडं, काठीकडं बघून म्हणाल्या, हे असं लांबनं बसवलेलं नीट बसतं का हो? हे मधे पडले. "तिचं काम चोख हाय. काय असंल ते मी बघतो." आणि शिडी मागवली. मॅडमनी तो एक वॉर्ड रिकामा करून दिला.

मी शिडी धरली. हे मधेच थांबले. थरथरली – आजवर कधी इतकी नाही. मी खालनं म्हटलं, उतरा, तुमच्या पाया पडते, उतरा. उतरले नाहीत. डोळे मिटून चढले! मी बघितलं. वर जाऊन डोळे उघडले आणि डिटेक्टर काढून खाली आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

आता म्हणतात, काठीनं कुठंतरी सैल बसलेत, उद्या सगळे शिडीनं परत बसवू. सगळे! दोन्ही मजले. उद्या हे पडणार. मला हे इतकं स्पष्ट दिसतंय की भाकरी थापताना हात थांबतो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा कालचा डिटेक्टर मी उघडला. सैल वगैरे काही नव्हता, पकड नव्यासारखी. आत बारीक धूळ. जाळीवर, आतल्या खोबणीत, सगळीकडं.

गुलाबी!

कुंकू नव्हे. कुंकू असतं तर लाल असतं आणि मी घाबरले असते की माझ्याच हातून काही झालं. हा गुलाबी डाग मी ओळखते, माझी साडी खाल्लेला. गाडीत गेले, काठी काढली. वाटीच्या तळाला रबराची गोल गादी असते, ती कधी काढायला लागत नाही म्हणून मी काढलीच नव्हती. नखानं उचकटली. खाली चिमूटभर गुलाल, आणि त्यात दाबून बसवलेली दवण्याची एक काडी.

मी गाडीत बसून रडले. मग हसायला आलं. मग परत रडले. ह्यांनी पूजा केली होती! अंगणात सगळ्यांच्या पुढं नाही, गाडीत एकट्यानं, मला दिसू नये म्हणून गादीखाली. आणि काठी आडवी ठेवली, वर केली, वळवली, तसा तो गुलाल कडेकडेनं सुटून एकेका डिटेक्टरात शिरत गेला. आम्ही कबनूरच्या मालकाला भुस्क्यावर भाषण देतो, आणि आमच्या घरचा देव आम्हीच डिटेक्टरात भरला.

म्हणजे मनातनं काठी ह्यांना पटली होती. नुसतं तोंडानं म्हणायचं जिवावर येत होतं. मी उगीच आठवडाभर तोंड फुगवून बसले.

उघडा डिटेक्टर ह्यांच्यासमोर ठेवला. ह्यांनी जाळीवरनं बोट फिरवून बघितलं. "माझ्यामुळं झालं व्हय," म्हणाले. मी म्हटलं असू दे, देवाचंच आहे, पुसलं की जाईल. वाटी धुतली, वाळवली, पांढऱ्या फडक्यानं पुसून बघितली. मॅडमना फोन करून सांगितलं, आत धूळ गेली होती, उद्या सगळे काढून साफ करून देतो. कसली धूळ ते त्यांनी विचारलं नाही, आणि मी पण सांगितलं नाही.

शिडी न्यायची नाही, असं ठरलं. उद्या काठी ह्यांच्या हातात देणार. आता कशाला नाही म्हणतील!

८ ऑक्टोबर, बुधवार

पहिल्याच वॉर्डात काठी ह्यांच्या हातात दिली. नर्स बघत होत्या, मॅडम पण होत्या. नको म्हणाले. मी म्हटलं, घ्या की, पूजा करायला चालते आणि हातात धरायला चालत नाही काय? घेतली. वर बघितलं. आणि काठी सुटून कॉटवर आदळली, आणि हे कॉटचा दांडा धरून खाली बसले. कॉट रिकामी होती म्हणून बरं.

पाणी पाजलं. खाली फरशीकडं बघतच बोलले.

"वर बघितलं की गरगर फिरतंय. लै दिवस झालं. शिडीवर चढून गेलं की डिटेक्टर नाकासमोर येतोय, वर बघायला लागत न्हाय. ह्या काठीला सारखं वरच बघायला लागतंय, पूर्णिमा."

न्हावी. दोन उशा. अर्ध्यावर थांबणं. आणि मी महिनाभर ह्यांच्या हातात काठी कोंबत होते.

मग गुलाल कशाला लावला, विचारलं.

"ती तुझी हाय. तुझ्या हाताला यश यावं म्हणून. मला काय, आता हुत न्हाय."

उरलेले सगळे मी काढले, फुंकले, बसवले. हे पॅनलपाशी बसायला गेले नाहीत. माझ्यापाशी स्टुलावर, मान खाली घालून, आणि एका हातानं काठीचं खालचं टोक घट्ट धरून. काठीला धरायला माणूस लागत नाही. वळवताना मला अडचणच होत होती.

सोडा म्हटलं नाही.